सरस्वतीबाईंचे दागिने

ताईंनो, जेऊरहून बोलतेय.

दादासाहेब फाळके आपल्याला सिनेमावाले म्हणून माहीत. पण त्याआधी ते फोटोग्राफर होते; गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. 1911 साली मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपणही सिनेमा काढायचा, असं ठरवलं. पैसा कुठून आणायचा? आधी विम्याची पॉलिसी गहाण पडली, पुढं पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने.

तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. उजेड लागला की फिल्म वाया! हे काम सरस्वतीबाई करायच्या. शिवाय उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या काळी सिनेमा मुका. वाजवणारे पडद्यापाशी बसून संगीत द्यायचे. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये लेक मंदाकिनी कृष्ण झाली.

तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही, ते पुरुषानं केलं. पडद्यामागं मात्र बाई होतीच. दादासाहेबांच्या नावानं 1969 पासून देशाचा मोठा पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव क्वचितच कुणी घेतं.

आपल्या घरच्या धंद्यातही दागिना आपला, राबणं आपलं. मग पाटीवर नाव कुणाचं? बँकेच्या खात्यावर कुणाचं? पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं हे सांगायचं, आणि सचिवताईंनी ते वहीत लिहायचं.