नैसर्गिक वायूतील क्लोराइडांचे मापन

नैसर्गिक वायूबरोबर विहिरीतून पुष्कळदा खारे पाणी वर येते. त्यातील क्लोराइडे वायुशुद्धीकरणाच्या ग्लायकॉल व अमाइन विद्रावांत साचतात आणि तापलेल्या, ताणाखालील अगंज पोलादाला तडे पाडू शकतात. म्हणून त्यांचे मापन अगत्याचे असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिख मोर यांनी १८५६ मध्ये सिल्व्हर नायट्रेटाने अनुमापन करण्याची पद्धत मांडली. तीत पोटॅशियम क्रोमेट हा दर्शक असून तांबूस साका दिसताच अनुमापन संपते. तथापि हायड्रोजन सल्फाइडयुक्त पाण्यात सल्फाइडही चांदी खर्ची पाडते व क्लोराइड वास्तवाहून जास्त भरते. यास्तव ते आधी काढून टाकावे लागते. १९७५ मध्ये हॅमिश स्मॉल व सहकाऱ्यांनी आयन-वर्णलेखन पद्धत प्रसिद्ध केली. तीत आयन अलग करून मोजले जात असल्याने अत्यल्प क्लोराइडही वेळीच ओळखता येते.