दोन तासांची मुलाखत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी एक जर्मन चित्रपट पाहिला. एरवी खेळ सुटला की चहाच्या टपरीवर तासभर वादावादी चालायची. त्या रात्री मात्र सगळ्यांनी आपापल्या सायकली काढल्या आणि मुकाट्यानं घरची वाट धरली. चित्रपटाचं नाव होतं 'ख्रिस्तियाने एफ.' तेरा-चौदा वर्षांची मुलं हेरॉईनच्या नादी कशी लागतात, त्याची ही कथा, आणि ती घडलेली आहे. चित्रपटाच्या मागचा-पुढचा इतिहास मला कळला तो नंतर, हळूहळू. तोच आज आपल्याला सांगायचा आहे.

गोष्ट पश्चिम बर्लिनची. 1961 मध्ये भिंत उभी राहिली आणि हे शहर पूर्व जर्मनीच्या पोटातलं एक बेट होऊन बसलं. घरांची टंचाई होती, म्हणून दक्षिणेच्या टोकाला ग्रोपिउसश्टाट नावाची प्रचंड वसाहत बांधण्यात आली. वाल्टर ग्रोपिउस या विख्यात वास्तुशिल्पज्ञाचं नाव तिला दिलेलं. उंचच उंच इमारती, हजारो बिऱ्हाडं, आणि मुलांना खेळायला जागा बेताची. ख्रिस्तियाने फेल्शेरिनोव नावाची सहा वर्षांची मुलगी 1968 मध्ये हॅम्बुर्गकडून आई-वडील आणि धाकट्या बहिणीबरोबर इथे राहायला आली. वडिलांचा धंद्याचा बेत फसला होता आणि त्याचा राग घरात निघे. मुलींना मार बसे. पुढे आई-वडील वेगळे झाले.

बाराव्या वर्षी एका युवक केंद्रात तिनं चरस ओढला. मग 'साउंड' नावाचा डिस्कोथेक, तिथल्या गोळ्या, तिथले मित्र. 1976 च्या एप्रिलमध्ये डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाचा बर्लिनमध्ये कार्यक्रम झाला. त्या रात्री तिनं पहिल्यांदा हेरॉईन हुंगलं. तेव्हा तिला चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं. काही महिन्यांतच ती सुई टोचून घेऊ लागली आणि रोजच्या पुडीच्या पैशासाठी बानहोफ झू या स्टेशनाच्या आसपास गिऱ्हाइकांच्या मोटारींत बसू लागली. प्राणिसंग्रहालयाच्या शेजारचं म्हणून 'झू' हे नाव. पश्चिम बर्लिनचं ते मुख्य स्टेशन, पण रेल्वे चालवायची पूर्व जर्मनीची! शहर एकाचं, रूळ दुसऱ्याचे, आणि स्टेशनाबाहेर उभी असलेली मुलं कोणाचीच नाहीत.

हे जगाला कळलं ते एका खटल्यामुळे. 1978 मध्ये एका इसमावर अल्पवयीन मुलींना हेरॉईन देऊन त्यांचा उपभोग घेतल्याचा खटला चालू होता. पंधरा वर्षांची ख्रिस्तियाने त्यात साक्षीदार होती. काय हेर्मान आणि होर्स्ट रीक हे दोन पत्रकार तिला भेटले. मुलाखतीसाठी दोन तास ठरले होते. मुलगी बोलायला लागली आणि दोन तासांचे दोन महिने झाले. टेपरेकॉर्डर चालू ठेवून दोन मोठी माणसं ऐकत राहिली. त्यातून 'श्टेर्न' या साप्ताहिकात लेखमाला आली आणि मग पुस्तक. मुलगी अल्पवयीन असल्यानं आडनावाचं फक्त पहिलं अक्षर छापलं आणि ती 'ख्रिस्तियाने एफ.' झाली. या पुस्तकात तिच्या आईचंही निवेदन आहे. आई नोकरी करून घर चालवत होती. मुलीचं काय चाललंय ते आपल्याला इतक्या उशिरा कसं कळलं, याचा ती प्रामाणिकपणे शोध घेते. शिवाय पाद्री बोलतात, पोलीस अधिकारी बोलतात. एका मुलीच्या अधःपातात किती जणांचा हिशेब गुंतलेला आहे, ते त्यातून समजतं.

बेर्न्ट आयशिंगर या तरुण निर्मात्यानं यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक होते उली एडेल. 1981 च्या एप्रिलमध्ये तो पडद्यावर आला. नायिकेचं काम करणारी नात्या ब्रुंकहोर्स्ट चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. बहुतेक मुलं अशीच, कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. गाणी बोवीची, आणि तो स्वतःही त्यात दिसतो. पण तेव्हा तो न्यूयॉर्कला नाटकात काम करत होता, म्हणून त्याचं गाणं तिथे चित्रित केलं. यातली एक गोष्ट मला चटका लावते. हाच बोवी 1976 मध्ये बर्लिनला राहायला आला, तो कोकेनच्या विळख्यातून सुटण्यासाठी. ज्याच्या कार्यक्रमाच्या रात्री मुलीनं विष घेतलं, तो त्याच शहरात आपलं विष उतरवायला आला!

चित्रपट कठोर आहे. सार्वजनिक संडासाच्या आडभिंतीवरून उडी मारून एक नशेबाज मुलीच्या हातातली सुई हिसकावतो आणि स्वतःच्या मानेत खुपसतो. ख्रिस्तियाने आणि तिचा मित्र डेटलेफ व्यसन सोडायचं ठरवून खोलीत राहतात. त्यांचा तडफडाट, ओकाऱ्या, आणि नंतर पुन्हा तीच स्टेशनाची वाट. बाबसी ही तिची मैत्रीण मेल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळतं. बाबसीचं वय चौदा.

मात्र पुस्तकातलं एक महत्त्वाचं अंग चित्रपटात गळलं. वडिलांचा मार नाही, लहानपण नाही, आईचं निवेदन नाही. मुलगी जणू एका संध्याकाळी डिस्कोच्या दारात उगवते. आपण तिला बुडताना बघतो, पण का बुडाली ते कळत नाही. याचा परिणाम विचित्र झाला. एकट्या पश्चिम जर्मनीत चाळीस लाखांहून अधिक लोकांनी हा चित्रपट पाहिला. पालक हादरले. पुस्तक शाळाशाळांतून वाचलं जाऊ लागलं. आणि त्याच वेळी कित्येक मुली ख्रिस्तियानेसारखे केस आणि कपडे करू लागल्या, बानहोफ झू पाहायला पर्यटक येऊ लागले. धोक्याची पाटी म्हणून जे लावलं, त्याचं अनेकांना आकर्षणच वाटलं.

चित्रपटाच्या शेवटी ती हॅम्बुर्गजवळच्या खेड्यात आजीकडे जाते आणि सुटल्याचं सांगते. प्रत्यक्षात तसं झालं नाही. प्रसिद्धी मिळाली, पैसा मिळाला, व्यसन पुन्हा परतलं. 1996 मध्ये तिला मुलगा झाला. पुढे त्याचा ताबा तिच्याकडून काढून घेण्यात आला. 2013 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तिनं दुसरं आत्मचरित्र लिहिलं. सुईतून जडलेल्या यकृताच्या आजाराबद्दल त्यात ती बोलते. जगभर मात्र ती अजून त्या पडद्यावरची चौदा वर्षांची पोरच राहिली आहे.

आता थोडं आपल्याकडचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर आली. आपल्याकडे तिला 'गर्द' म्हणू लागले. 1985 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला. डॉ. अनिल अवचट तेव्हा गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांमध्ये जाऊन बसत होते, त्यांचं ऐकून लिहीत होते. त्यातून 'गर्द' हे पुस्तक झालं. हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि 1986 च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झालं. तिथून बरे झालेलेच पुढे इतरांना हात देऊ लागले. बर्लिनमध्ये ऐकण्यातून पुस्तक आणि चित्रपट निघाला. इथे ऐकण्यातून उपचाराची जागा निघाली.

मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होतो. 1985 च्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. डोळे खोल गेलेले, अंगावर मळका शर्ट. म्हणाला, "सर, थोडं बोलायचं होतं." त्याच्याबद्दल माझ्या कानावर आलं होतं. मी दारातच त्याला पंधरा मिनिटं सुनावलं. आई-बापाचे कष्ट, त्याची हुशारी, सगळं काढलं. शेवटी म्हणालो, "आधी ते सोड, मग ये." तो मान खाली घालून "बरं सर" म्हणाला आणि जिना उतरला. वर्षभरात तो गेला.

मी ऐकलं असतं तर तो वाचला असता, असा माझा दावा नाही. ख्रिस्तियानेचं तर दोन महिने ऐकलं गेलं, तरी ती पुरती सुटली नाही. पण त्याला काय बोलायचं होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. फिल्म सोसायटीच्या त्या रात्री सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आलो, तेव्हा पडद्यावरची मुलगी डोळ्यांपुढे नव्हती. जिना उतरणारा तो मुलगा होता. आपल्या दाराशी असं कोणी आलं, तर उपदेश जरा बाजूला ठेवा. त्याला आधी घरात घ्या, बसायला सांगा.