एका रात्रीत परत मिळालेली नोकरी

ऐरोलीतल्या आमच्या आयटी पार्कात कुणी ‘कॉस्ट कटिंग’ म्हटलं, की चहाच्या टपरीवर एकदम शांतता. म्हणून आज गोष्ट मुंबईच्या जेट एअरवेजची.

२००७ मध्ये जेटने एअर सहारा १,४५० कोटींना घेतली. पुढच्याच जुलैत कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेलं, पाठोपाठ जागतिक मंदी आली. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सुमारे १,९०० जणांना घरी बसवायचं ठरवलं. त्यात बरीचशी आपल्याच वयाची मुलं-मुली. ती गणवेशातच रस्त्यावर उतरली, राज ठाकरेंना भेटली. १६ ऑक्टोबरच्या रात्री मालक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं.

नोकऱ्या वाचल्या, पण हिशोब जुळला नाही. २००८-०९ चा तोटा ४०२ कोटी! इंधन, कर्ज, विमानांचं भाडं होतं तिथेच होतं. १७ एप्रिल २०१९ ला अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान उडालं. त्याआधीच गोयल पायउतार झाले होते. या वेळी परत बोलवायला कुणीच नव्हतं.

म्हणून कंपनीत कपातीची कुजबुज ऐकली, की मी आधी विचारतो : कर्ज किती आहे?