पुढचं पाणी हटेना

1737 सालचा श्रावण. संगम माहुलीच्या घाटावर तुम्ही अगदी वरच्या पायरीवर उभे आहात. खालच्या केव्हाच पाण्यात गेल्या. मागं श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधवलेलं विश्वेश्वराचं देऊळ, दगडावर टाकीचे घाव अजून ताजे. साताऱ्यात शाहू महाराज गादीवर आहेत, याच वर्षी बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारून आलेत. घाटावर मात्र एकच विषय: पलीकडं क्षेत्र माहुलीला जायचं कसं?

वाळक्या भोपळ्यांची सांगड काठावर पालथी पडलीय. तुम्ही हात लावून बघता, काथ्याची दोरी भिजून ताठ झालीय. सांगडवाला उठतसुद्धा नाही.

"आज न्हाई. वेण्णा तुंबलीया."

कृष्णा फुगली की तिला इथं मिळणाऱ्या वेण्णेला पुढं वाट मिळत नाही. ती मागं फिरते, शेतात शिरते. सांगडवाल्याला हे नकाशावाचून ठाऊक आहे.

याच दिवसांत सायबेरियाच्या टोकाला दिमित्री ओव्त्सिन हा रशियन आरमारी अधिकारी ओब नदीच्या आखातातून जहाज बाहेर काढतोय. आखात 800 किलोमीटरच्या आसपास लांब. आधीचे तीन उन्हाळे त्याला बर्फ, वादळं आणि स्कर्व्हीनं मागं परतवलं. यंदा तो येनिसेईच्या मुखापर्यंत पोहोचेल. ओब उत्तरेला वाहते. तिचा दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, मुखाकडचा गोठलेलाच राहतो, आणि वरून आलेलं पाणी अडून रानोमाळ पसरतं. माहुलीत बर्फ नाही, पण अडचण तीच.

आता माहुलीहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली चला. महाबळेश्वरात 1300 मीटरवर उगवलेली ही नदी पश्चिमेला वळती, तर 65 किलोमीटरच्या आत समुद्राला मिळाली असती. ती पूर्वेला वळली आणि 1400 किलोमीटरची झाली. तिचा तीव्र उतार वाईच्या आधीच संपतो. कराडात कोयना तिला जवळजवळ समोरून येऊन भिडते. एकाच डोंगरातून निघालेल्या दोघी इथं एकमेकींवर आदळतात, आणि पुढं सांगलीपर्यंत जमीन अशी सपाट की पाण्याला घाईच उरत नाही.

ऑगस्ट 2019. तुम्ही सांगलीत आहात. 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ माणसं पट्टीवरचा आकडा एकमेकांना सांगताहेत. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलंय. मारुती चौक बुडालाय. ब्रह्मनाळला येरळेच्या संगमाजवळ, गाव सोडून निघालेल्या माणसांची बोट उलटलीय, आणि ती बातमी सांगताना कुणाच्याही तोंडून पुढचा शब्द फुटत नाही.

सगळे वर बघताहेत: कोयना धरणातून किती सोडलं? तो प्रश्न रास्तच आहे. पण तुम्ही माहुलीहून आलाय. तुम्ही खाली बघा. हरिपूरला वारणा भरून आलीय, त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिथलं पाणी हटल्याशिवाय सांगलीचं पाणी जाणार कुठं? शेजारी उभा असलेला म्हातारा अंबी, ज्याची हयात नावेवर गेली, फोनवर हरिपूरच्या भाच्याला विचारतोय, "वारणा उतरली का रं?"

पलीकडून उत्तर येतं, "न्हाई मामा, अजून चढतीया."

तो आयर्विनच्या पट्टीकडं बघतही नाही. घरी फोन लावतो आणि सांगतो, वरच्या मजल्यावरचंही सामान काढा.