सुभेदार आणि हवालदार : पदनामांची उतरंड

भारतीय भूदलाची पदरचना पाहताना आम्हांला तीत शब्दार्थांचा इतिहासही दिसतो. शिवकाळात हवालदार हा गडाचा मुख्य अधिकारी असे. पेशवाईत मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार होते. कंपनी सरकारने हीच नावे आपल्या पलटणींत ठेवली, त्यांमागची सत्ता मात्र काढून घेतली. नायकाच्या वर हवालदार, मग जमादार, मग सुभेदार. आणि केस पिकलेला सुभेदारही कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली. १९४७ मध्ये गोरे गेले, १९६५ मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. तरी सुभेदाराचे स्थान आजही लेफ्टनंटच्या खालीच आहे. म्हणूनच बखरीत ‘हवालदार’ वाचताना आपल्या डोळ्यांपुढे गडाऐवजी पोलीसचौकी उभी राहते. पराभवाची नोंद शब्दकोशातही होते, हे इतिहास वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.