वेडापासून आजारापर्यंत



शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावर कोणी एकटाच पुटपुटू लागला, जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, की घरची माणसे घाबरतात. कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, कोणी म्हणतो वेड लागले. बाधा म्हटली की पाय भगताकडे वळतात. वेड म्हटले की घरचे दार लावून घेतले जाते. म्हणजे आपण कोणता शब्द उच्चारतो, त्यावर त्या माणसाची पुढची वाट ठरते. म्हणून आज ह्या शब्दांचाच थोडा इतिहास पाहू.

वेड हा शब्द मुळात काही वाईट नाही. भजनाचे वेड असते, कुस्तीचे वेड असते. पण सरकारी दप्तरात तो शिरला आणि त्याला कुलूप लागले. १८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. १९०१ साली आपल्या ठाण्यात असे इस्पितळ उभे राहिले. तेव्हापासून 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा रूढ झाली. पुढे १९१२ चा कायदा आला. त्यात रोग्याला दाखल करण्याचा मार्ग बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जाई. त्या कायद्याच्या इंग्रजी नावातला शब्द लॅटिनमधल्या 'लूना', म्हणजे चंद्र, ह्यावरून आलेला! अमावस्या-पौर्णिमेला वेड वाढते असे आपल्याकडे म्हणतात. तीच समजूत युरोपातही होती.

मग १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाचे औषध अशा रोग्यांना देऊन पाहिले, आणि पुष्कळांना उतार पडला. जे औषधाने कमी होते त्याला आजारच म्हटले पाहिजे, नाही का? आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने 'वेडा' जाऊन 'मनोरुग्ण' आला. २०१७ च्या कायद्याने 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असे म्हटले. आधी व्यक्ती, मग आजार.

आता दोन-चार शब्द नीट समजून घेऊ. समोर कोणी नसताना बोलणे ऐकू येते, त्याला म्हणायचे भास. शेजाऱ्याने विहिरीत विष कालवले अशी खात्री बसते, दहा जणांनी ते पाणी पिऊन दाखवले तरी ती हलत नाही, तो भ्रम. भास कानाडोळ्यांचा, भ्रम समजुतीचा. हे दोन्ही ज्यात पुष्कळदा दिसतात तो आजार म्हणजे छिन्नमनस्कता. स्विस डॉक्टर ब्लॉयलर ह्यांनी १९०८ साली त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. एका अंगात दोन माणसे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे.

भात आडवे झाले, मन खट्टू झाले, ही उदासी. ती हळूहळू ओसरते. पण दोन आठवडे उलटले तरी कशातच मन रमत नाही, झोप-भूक बिघडते, जगणे नकोसे वाटते, तेव्हा ते नैराश्य. त्याला आळस म्हणू नये. आणि फेफरे हा तर मेंदूचा विकार. कांदा-चप्पल हुंगवून तो जात नाही.

२०१७ च्या कायद्याने आजारी माणसाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे आणि त्याच्यावर खटला भरू नये, असेही त्यात आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला तर फुकट सल्ला मिळतो. ही सोय २०२२ साली सुरू झाली. शहापूर-मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना विचारले तरी ते पुढची वाट सांगतील.

गुरुजी आणि बाई, एक काम मात्र तुमचेच. वर्गात एखाद्या मुलाला 'येडा' म्हणून चिडवले, तर तिथेच थांबवा. आणि कोणी भगताकडे गेला म्हणून त्याला हिणवू नका. 'दवाखान्यातही जाऊन येऊ, मी येतो बरोबर,' एवढे म्हणा. त्या एका वाक्याने लावलेले दार उघडेल.