वसईची वाळू कोणाची?

अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगाव. रविवारी या किनाऱ्यांवर मुंबईकरांची रीघ लागते. त्याच वाळूवर कोळिणी जवळा पसरतात आणि बांबूंवर बोंबील वाळत असतात. ही वाळू नेमकी कोणाच्या हक्काची?

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा हे सर्वांचे समाईक मानले. इंग्रजी राजवटीची दृष्टी वेगळी होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ३७ ने भरतीरेषेखालचा समुद्राचा व खाड्यांचा तळ सरकारी मालमत्ता ठरवला. समाईक आणि सरकारी यांत अंतर आहे. सरकारी वस्तू पट्ट्याने देता येते.

अर्थात, सर्वांचे असले म्हणून तंटा टळतो असेही नाही. १८७१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. एका गावाने समुद्रात रोवलेले मासेमारीचे खांब दुसऱ्या गावच्या लोकांनी उपटले होते. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत आपला अधिकार चालतो, असे न्यायालयाने मानले. वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही. डोल जाळ्यांसाठी रोवलेल्या 'कवीं'वरून उत्तरेकडील मच्छीमारांशी त्यांचा वाद आधुनिक काळातही धुमसत राहिला आहे.

१९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम टाळण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिच्यात दडलेले एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते: लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून कोणत्याही दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंद वाट सोडायची. वाळू सर्वांची असली, तरी तिथवर पोहोचण्याची वाट बंद झाली की तो हक्क कागदावरच राहतो. या कलमाचे महत्त्व त्यातच आहे.

१९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त म्हटले, लाभार्थी म्हणून जनतेला मानले आणि समुद्रकिनाऱ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. जस्टिनियनचा विचार असा चौदा शतकांनी दिल्लीत पोहोचला.

पण 'जनता' म्हणजे कोण? २०१९ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तात्पुरत्या सोयी उभारण्यास मुभा दिली. पर्यटकासाठी ती वाळू रविवारची. कोळणीचे खळे मात्र तिथेच आहे, आणि बोंबील सुकायला ऊन व मोकळी जागा दोन्ही लागतात.